उघडी शेड, प्लास्टिकची खोली की भाड्याचं बूथ? कोकणात गाडी रंगवताना रंगात बसणारा कचरा टाळायचा तर

क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर, वाळल्यावर बोनेटवरून बोट फिरवलं आणि दाणे लागले, की पहिला दोष रस्त्यावरच्या धुळीला जातो. महामार्गालगतच्या गॅरेजात तो थोडाफार खराही असतो. पण दाणा भिंगाखाली पाहिला तर वेगळीच हकिकत कळते. पांढरा, ठिसूळ दाणा म्हणजे लांबी (पत्र्याचे खड्डे भरायचा लेप) आणि प्रायमर (रंगाखालचा थर) घासल्याची भुकटी. ती बोनेटच्या पन्हळीत, दरवाज्याच्या फटीत, चाकावरच्या कमानीत दडून बसते आणि रंगाच्या फवाऱ्याच्या गनची हवा लागली की बाहेर येते. वाकडा बारीक धागा फडक्याचा नाहीतर पेंटरच्या सुती शर्टाचा. चकचकीत गोल गाठ म्हणजे रंग न गाळता ओतलेला, किंवा गनच्या टोपीवर सुकलेला थर सुटून आलेला. तांबडा दाणा तेवढा बाहेरचा, जांभ्याचा.

यातल्या पहिल्या तीन प्रकारांना कितीही महाग बूथ, म्हणजे गाळलेल्या हवेची रंगखोली, थांबवत नाही. म्हणून पुढचे तिन्ही पर्याय वाचताना एवढं धरूनच चाला: गाडी आधी गोड्या पाण्याने धुतलेली, फटींमध्ये हवा मारलेली आणि तीही रंगाच्या जागेपासून लांब, मास्किंगला, म्हणजे रंग नको ते भाग झाकायला, रद्दी पेपर न वापरता मास्किंग पेपर लावलेला, अंगात धागा न सोडणारा नायलॉनचा झगा, बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) १२५ मायक्रॉनच्या आणि क्लिअर १९० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेला, आणि रंग मारण्याआधी टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट फडकं) हलक्या हाताने फिरवलेला. टॅक क्लॉथ दाबून पुसला की त्याचा चिकटपणा पत्र्यावर उतरतो आणि तिथे रंग फाटतो. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी धुण्याला चालत नाही; ते वाळलं की मीठ मागे राहतं आणि काही महिन्यांनी रंगाखाली फोड येतात.

उघडी शेड

खर्च जवळजवळ नाही, आणि एखादं बंपर किंवा एक दरवाजा असेल तर काम भागतं. बंदोबस्त एकच, जमीन भिजवणं. कोबा असेल तर अर्धा तास आधी पाणी मारून साचलेलं झाडून टाकायचं. नुसती ओल हवी, डबकं नको. नाहीतर हवेचा पाइप त्यातून फरफटत येतो आणि ओला खडा पत्र्याला लागतो. जांभ्याच्या मातीवर पाणी मारलं तर चिखल होतो, आणि तो वाळला की आधीपेक्षा जास्त धूळ. सारवलेलं खळं दिसायला स्वच्छ असलं तरी रंगकामाला वाईट. सारवणातला भुसा उडत राहतो. वर झावळ्यांचे झाप असतील तर तिथे गन उचलूच नये.

इथे खरा प्रश्न वेळेचा आहे. पहाटेपर्यंत मतलई वारे, मग दुपारकडे समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत. मधला शांत तुकडा सकाळी आठ ते अकराचा. हिवाळ्यात त्यातलाही पहिला तास दंवात जातो: पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान तीन अंश गरम होईपर्यंत रंग मारला तर चकाकी धुरकट पडते. दिवा लावून संध्याकाळी मारायचं ठरवलंत तर क्लिअरमध्ये चिलटं मिळतील. आंब्याला मोहोर असताना आणि बाग शेजारीच असताना तुडतुडे दिवसाही येतात. जून ते सप्टेंबर हा पर्याय सोडूनच द्या. हवेत ओल असताना जमीनही भिजवली की टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) क्लिअरमधला हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, पाण्याशी प्रतिक्रिया करतो आणि सुईच्या टोकाएवढे बुडबुडे धरतो.

प्लास्टिकची खोली

आमच्या मते छोट्या गॅरेजने पैसे घालावेत ते इथे, फक्त ती उलटी बांधू नये. बहुतेक जण बाहेर हवा फेकणारा पंखा लावतात. पंखा हवा ओढतो, भिंतींचा प्लास्टिकचा कागद आत खेचला जातो, आणि प्रत्येक शिवणीतून, खालच्या प्रत्येक फटीतून अंगणातली धूळ न गाळता आत येते. शिवाय थिनरची वाफ आणि रंगाचा फवारा थेट पंख्याच्या मोटरवरून जातो. तिथे एक ठिणगी पुरते.

पंखा आत हवा ढकलणारा हवा. त्याच्यापुढे फिल्टर, म्हणजे मोटर स्वच्छ हवेत राहते आणि खोलीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राहतो. बरोबर जमलं की कागद शिडासारखा जरासा बाहेर फुगतो आणि फटीजवळ धरलेला सुतळीचा धागा बाहेरच्या बाजूला उडतो. धागा आत वळला तर गन हातात घेऊ नका.

छोट्या हॅचबॅकला ६ मीटर लांब, ३.७ मीटर रुंद, २.४ मीटर उंच अशी खोली पुरते. भोवती मीटरभर चालायला जागा राहते. आत सुमारे ५३ घनमीटर हवा मावते. तासाला ५,००० घनमीटरचा पंखा नुसत्या हिशोबाने ती चाळीस सेकंदांच्या आत बदलतो. फिल्टर लावला की प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं, म्हणून दोन पंखे ठेवावेत. फिल्टर पंख्याच्या तोंडाएवढाच ठेवला तर पंखा गुदमरतो. पुढे खोका करून फिल्टर चौपट मोठा लावा. हवा बाहेर जायची खिडकी समोरच्या टोकाला, जमिनीलगत, कारण वाफ हवेपेक्षा जड असते. तिलाही फिल्टर लावा, नाहीतर शेजाऱ्याच्या तुळशीवर बेस कोट बसेल. ही खिडकी फार लहान ठेवली की आत धुकं साचतं आणि फवाऱ्याची सुकी भुकटी गाडीच्या छपरावर बसते. हा दाणा धुळीसारखाच दिसतो, म्हणून लोक फिल्टर बदलत बसतात.

सांगाडा पीव्हीसी किंवा जीआय पाइपचा. बांबू स्वस्त पडतो, पण भुंगा लागलेला बांबू पिठासारखी भुकटी गाळतो, नेमकी गाडीच्या छपरावर. पावसाळ्यातली जुनी ताडपत्रीही नको. उन्हाने तिचे तंतू सुटतात. नवा ४०० गेजचा, म्हणजे १०० मायक्रॉनचा पांढरट कागद घ्या. तो स्थिर विजेने धूळ ओढतो, म्हणून लावल्यावर आतून पाण्याचा हलका फवारा मारून ती बसवून टाकायची. दिवे कागदाबाहेर ठेवा. पंखे रंगाच्या दहा मिनिटं आधी सुरू करून क्लिअर धूळ न धरण्याइतका सुकेपर्यंत चालू राहू द्या. हात थांबला म्हणून बंद करू नका.

बंद खोलीत कापडी मास्क कामाचा नाही. टू-के हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क उत्तम, निदान कोळशाचं ताजं काडतूस असलेला तरी हवाच.

भाड्याचं बूथ

वरून गाळलेली हवा, खाली जाळीतून निचरा, रंगानंतर पत्रा ६० अंशांवर अर्धा तास भाजणं. कोकणासाठी त्यातलं सर्वांत मोलाचं म्हणजे भाजणं, कारण पावसाळ्यातही क्लिअर वेळेत सुकतो. पूर्ण गाडी, त्यातही काळी, गडद निळी किंवा मेटॅलिक असेल तर इथेच न्या.

बुक करण्याआधी वरचा फिल्टर कधी बदलला ते विचारा आणि दाबमापकाचा आकडा पाहा. भिंतीवर जुन्या फवाऱ्याचा जाड थर दिसला तर तो तुमच्या गाडीवर पडणार. त्याच आवारात कोणी सिलिकॉनचं पॉलिश वापरत असेल तर क्लिअरला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. जनरेटर नसेल तर पावसात जाऊ नका. भाजताना लाईट गेली की सगळं अर्धवट. आणि घासलेली गाडी वीस किलोमीटर चालवत नेलीत तर फटी पुन्हा भरतात, तेव्हा शेवटची सफाई तिथे पोचल्यावर करायची.

पांढऱ्या साध्या रंगाचे एक-दोन भाग, तेही डिसेंबर-जानेवारीत, उघड्या शेडमध्ये करायला हरकत नाही. महिन्याला दोन-तीन गाड्या येत असतील तर प्लास्टिकची खोली. निर्णय घेताना एक हिशोब मनात ठेवा: क्लिअरचे दोन हात सुकल्यावर थर ४० ते ६० मायक्रॉनचा राहतो, झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीच्या साधारण निम्मा. दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) दाणा कापून, तीन हजारने ओरखडे मऊ करून कंपाउंड (चकाकी आणणारी लेई) मारता येतं, पण त्यात पाच-सात मायक्रॉनपेक्षा जास्त घालवू नये. बोनेटवर पाच दाणे असतील तर हे तासाभराचं काम. पन्नास असतील तर पुन्हा रंगवणं स्वस्त पडतं. मेटॅलिक रंगाच्या बेस कोटमध्ये अडकलेला दाणा मात्र क्लिअरच्या आधीच काढायचा: थर सुकू द्या, दीड हजारने हलकेच टेकवा, आणि त्यावर बेसचा आणखी एक हात मारा, नाहीतर तिथे काळपट डाग दिसत राहतो.

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात बूथ हवं असेल तर जुलैतच विचारून ठेवा.