भुरीच्या बाटल्या कुठे जात होत्या?

कुत्र्याच्या त्वचेसाठी डॉक्टरांनी शाम्पू लिहून दिला असेल आणि तो तुम्ही कुत्र्यांच्या पार्लरमध्ये देऊन येत असाल, तर आजच मेडिकलचं बिल शोधा आणि त्यावरचा बॅच नंबर बघून ठेवा. हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर आमच्या भुरीचे पावसाळ्यातले हाल वाचले असते.

भुरी आमची लॅब्रॅडॉर, पाच वर्षांची, सायीच्या रंगाची. आम्ही ठाण्यात राहतो. जून लागला की इथली हवा ओली होते आणि भुरीची खाज सुरू होते. यंदा ती फारच वाढली. पंजे चाटून चाटून तांबूस झाले, काखेत लाल चट्टे आले, कानांना आंबूस वास येऊ लागला. डॉक्टर मॅडमनी त्वचेवर पारदर्शक टेप चिकटवून काढली, काचेवर लावली आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलाही दाखवली. शेंगदाण्यासारख्या आकाराच्या यीस्टच्या, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीच्या पेशी, सगळीकडे. मूळ त्रास ॲलर्जीचा, त्यावर हा संसर्ग चढलेला. गोळ्या दिल्या आणि जंतू आणि बुरशी मारणारा क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा शाम्पू लिहून दिला. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. अट एकच, पण मॅडमनी ती दोनदा बजावली: शाम्पू अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहिला पाहिजे, मगच धुवायचा. औषधाला काम करायला तेवढा वेळ लागतो. पाणी कोमट, ड्रायरची गरम हवा नाही, सुगंधी काही लावायचं नाही.

माझी कंबर धरलेली. तीस किलोच्या कुत्र्याला वाकून अंघोळ घालणं मला जमेना, म्हणून घराजवळच्या पार्लरमध्ये गेले. मालकाने चिठ्ठी वाचली, मान डोलावली, म्हणाला, "टेन्शन घेऊ नका मॅडम, आमच्याकडे निम्मे पेशंट स्किनचेच असतात." आठ मेडिकेटेड अंघोळींचं पॅकेज, आठ हजार रुपये, सगळे आगाऊ. शाम्पू आपला आणून द्यायचा. मला ते उलट बरं वाटलं. बाटली माझी म्हणजे फसवायला जागाच नाही, असं मी धरून चालले.

पहिल्या अंघोळीनंतर भुरी बाहेर आली ती मोगऱ्यासारखी दरवळत. सासूबाई तिला कुरवाळत म्हणाल्या, "अगं, औषधाला इतका छान वास?" मी म्हटलं, असेल. खरं तर मलाही तो वास आवडला होता. कितीतरी दिवसांनी ती जवळ आल्यावर नाक आक्रसावं लागलं नव्हतं. संशयाची पहिली खूण होती ती, आणि मी तिचं कौतुक केलं.

दोन अंघोळींनंतर निरोप आला, बाटली संपली, नवी आणा. दोनशे मिलीची बाटली, सहाशे वीस रुपयांची. चार अंघोळींना पुरेल असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं. मी विचारलं तर मालक म्हणाला, "लॅब आहे मॅडम, केस दाट, शाम्पू जास्त लागतो." पटलं. दुसरी दिली. दोन अंघोळींनी तिसरी.

सहाव्या अंघोळीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी भुरीच्या काखेतली कातडी ओली आणि लालभडक झाली होती. हात लावू देईना. मालकाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "हिची स्किनच तशी आहे. टी ट्री ऑइलचं स्पा सेशन घेऊ, दीड हजार एक्स्ट्रा." इथे मात्र मी आधी डॉक्टरांना फोन केला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. कातडीतून आणि चाटण्यातून ते शरीरात जातं, मग कुत्रा लडखडतो, थरथरतो.

तिला घेऊन लगेच गेले. पुन्हा टेप, पुन्हा काच. यीस्ट जवळजवळ तेवढंच. मॅडम म्हणाल्या, सहा अंघोळी नीट झाल्या असत्या तर एवढं दिसायला नको होतं. मग एकेक विचारत गेल्या. दहा मिनिटं तुमच्यासमोर ठेवतात का? अंघोळीची खोली आत, दार बंद. एकूण किती वेळ लागतो? सासूबाईच उत्तरल्या, त्या दर वेळी बाहेर बाकावर बसून असत: "अर्धा तास. पुसून, वाळवून, अर्ध्या तासात बाहेर." लॅब्रॅडॉरचे आतले दाट केस वाळवायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. आणि वास? या शाम्पूला मोगऱ्याचा वास नाही आणि फेसही बेताचाच येतो, हे मला तिथे कळलं. मी स्वतः एकदाही झाकण उघडून हुंगलं नव्हतं.

मग मॅडमनी समजावलं: माणसाच्या त्वचेचा बाहेरचा थर साधारण दहा ते पंधरा पेशींचा असतो, कुत्र्याचा तीन ते पाच. आपली त्वचा आम्लधर्मी, त्यांची उदासीनतेच्या जवळ. म्हणून आपल्याला निरुपद्रवी वाटणारा सुगंधी शाम्पू त्यांना झोंबतो, आणि आधीच सोललेल्या कातडीवर तर विचारूच नका. हे ऐकताना भुरी टेबलावर माझ्या हातावर हनुवटी टेकून उभी होती. मला रडू आलं.

मॅडमच्या सांगण्यावरून पार्लरमध्ये गेले आणि सहजच म्हणावं तसं म्हटलं, "रिकामी बाटली द्या, डॉक्टरांना दाखवायची आहे." मुलाने एक आणून दिली. घरी बिलाशी ताडून पाहिली. माझ्या तिन्ही बिलांवरचा बॅच नंबर वेगळा, बाटलीवरचा वेगळा. आणि मी शाम्पू घेतला जुलैत, तर त्या बाटलीवरची मुदत मार्चमध्येच संपलेली. ती दुसऱ्याच कुणाच्या कुत्र्याची, कधीतरीची बाटली होती.

दुसऱ्या दिवशी मालक नसताना पुन्हा गेले. तोच मुलगा होता, जेमतेम वीस वर्षांचा. मी बाटली पुढे ठेवली. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, तुमच्या बाटल्या कपाटात जातात. आम्ही सगळ्यांना कॅनमधला सुगंधी शाम्पूच लावतो, पाणी घालून. शेठ म्हणतात, वास आला की गिऱ्हाईक खूश." ज्यांच्याकडे स्वतःचा शाम्पू नसतो, त्यांना 'मेडिकेटेड'चे जास्तीचे पैसे लावून आमच्यासारख्यांच्या बाटल्या दाखवायच्या, असा तो व्यवहार होता. त्या मुलाचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

मालक आधी म्हणाला, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. मग म्हणाला, पावतीवर 'नो रिफंड' लिहिलंय. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. सोबत बिलं, बाटलीचा फोटो आणि त्याचा 'स्किनच तशी आहे' हा मेसेज. त्यानंतर उरलेल्या दोन अंघोळींचे दोन हजार आले, बाकीचे नाहीत. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी करते आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही. बिलं जपली नसती तर माझ्या हातात काहीच नव्हतं.

तुम्हाला पार्लरशिवाय इलाज नसेल तर बाटलीचं सील स्वतः फोडा, कुत्र्याजवळ उभ्या राहा आणि दहा मिनिटं मोबाइलवर लावा. आत येऊ देत नाहीत असं कळलं की पैसे देऊ नका. उरलेली बाटली दर वेळी घरी आणा. अंघोळीनंतर घमघमाट आला तर खूश होऊ नका, लगेच विचारा.

आम्ही आता गच्चीत अंघोळ घालतो. भुरीला उंच पाटावर उभं करतो, म्हणजे मला वाकावं लागत नाही. यजमान पाणी घालतात, मी शाम्पू जिरवते, आणि सासूबाई घड्याळ घेऊन बसतात. दहा मिनिटं होईपर्यंत त्या तिला गाजराचे तुकडे भरवतात. चौथ्या अंघोळीपर्यंत बाटली पुरली. काखेत नवे केस येऊ लागलेत. पंजांच्या बोटांमध्ये अजून तांबूसपणा आहे, शनिवारी पुन्हा टेप लावायची आहे.