इलेक्ट्रोपॉलिशिंगची टाकी : पावसाळाभर वापरल्यानंतर

अंबड एमआयडीसीतील आमच्या लहान कारखान्यात ३०४ आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या फिटिंगसाठी, म्हणजे त्या आम्लात बुडवून विजेच्या प्रवाहाने चकचकीत करण्यासाठी, ही टाकी उन्हाळ्यात बसवली. रेक्टिफायर (एसी विजेचे डीसी करणारे उपकरण) चांगला आहे, तापमानही स्थिर राहते. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. तक्रार आहे ती टाकीसोबत झाकण न देण्याची.

फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचे मिश्रण थंड असताना हवेतील बाष्प शोषून घेते. मे महिन्यात हे जाणवले नाही. जुलैत संततधार लागली, तेव्हा मात्र साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्याच जिगवरील (माल टांगायच्या चौकटीवरील) माल निस्तेज निघू लागला. विक्रेत्याच्या माणसाने हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) न बुडवताच द्रावण निकामी झाल्याचे सांगून नव्या द्रावणाच्या ड्रमचा भाव कळवला. प्रत्यक्षात विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) १.७ च्या बरेच खाली उतरले होते, म्हणजे द्रावणात पाणी वाढले होते. धूर ओढणारा पंखा चालू ठेवून टाकी काही तास ७० अंशांच्या वर तापवल्यावर त्याच द्रावणातून पूर्वीची चकाकी परत आली. त्यानंतर पॉलिप्रॉपिलीनच्या शीटचे झाकण स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घेतले. त्याला ड्रमच्या किमतीच्या मानाने नगण्य खर्च आला. काम संपून टाकी थंड झाली की ते लावायचे आणि विद्युतप्रवाह सुरू करण्यापूर्वी न चुकता काढायचे, कारण कॅथोडवर (ऋण टोकाच्या पट्टीवर) सुटणारा हायड्रोजन झाकणाखाली साचू देणे धोक्याचे असते. धुतलेला माल पूर्ण वाळवल्याशिवाय टाकीत सोडायचा नाही, हा नियमही तेव्हापासून कडक केला.

ऑगस्टपर्यंत मी या टाकीला दोनच तारे दिले असते. आता मत बरेच बदलले आहे, मात्र हायड्रोमीटरवरचा विश्वासही तेवढाच कमी झाला आहे : विरघळलेले लोह, क्रोमियम आणि निकेल गुरुत्व वाढवतात, पाणी ते घटवते, त्यामुळे दोन्ही बिघाड एकाच वेळी असले तरी आकडा निर्दोष दिसू शकतो. म्हणून लोहाचे प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून घेतो आणि ते वाढले की थोडे द्रावण काढून तेवढेच ताजे भरतो. तळाचा उतार आणि खालचा व्हॉल्व्ह यांमुळे गाळ सहज निघतो, हे श्रेय विक्रेत्याला द्यावेच लागेल. तो गाळ अर्थातच गटारात न सोडता घातक कचऱ्यात जातो.

झाकणाचे पैसे त्यांच्याकडे मागितले आहेत. ते मिळेपर्यंत पाचवा तारा माझ्याकडेच राहील.