टीएलडी-१०० चिप: स्फटिक चोख, पण भिस्त सगळी भट्टीवर

विकिरणाचा डोस मोजण्यासाठी टीएलडी-१०० (टीएलडी म्हणजे तापवल्यावर प्रकाश देणारा डोसमापक) चिप १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकात मॅग्नेशियम आणि टायटॅनियम अगदी अल्प प्रमाणात मिसळलेलं असतं. नेहमीची चिप ३.२ × ३.२ × ०.९ मिलिमीटरची. विकिरणाने सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकून बसतात. चिप तापवली की ते सुटतात आणि निळसर प्रकाश बाहेर पडतो. तो प्रकाश मोजला की डोस कळतो.

हिचा मोठा गुण म्हणजे परिणामी अणुक्रमांक (सगळ्या घटकांचा मिळून धरलेला) ८.२. शरीराच्या मऊ ऊतींचा ७.४ च्या आसपास असतो, त्यामुळे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांनाही ही चिप फार फुगवून दाखवत नाही. ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांच्या तुलनेत तीसेक टक्के जास्त, इतकंच. कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या तिथे कित्येक पट जास्त दाखवतात.

खरी गोम आहे ती ॲनीलिंगमध्ये, म्हणजे चिप पुन्हा वापरण्याआधी भट्टीत तापवून निववण्यात. ठरलेली रीत अशी: ४०० अंश सेल्सिअसला १ तास, मग थंड करून १०० अंशाला २ तास. ४०० अंशाला जुना डोस पुसला जातोच, शिवाय मॅग्नेशियमचे अणू स्फटिकात सुटे होऊन पसरतात. पुढे ते स्फटिकातल्या अणूंच्या रिकाम्या जागांशी जोड्या करतात आणि या जोड्या तीन-तीनच्या गटाने एकत्र येतात. वाचताना तापमान चढत जातं तसा प्रकाश वरखाली होतो आणि त्याच्या आलेखात शिखरं दिसतात; मोजणी ज्या पाचव्या शिखरावर चालते (साधारण २०० अंशांच्या पुढेमागे), ते या गटांशी निगडित आहे. भट्टीतच सावकाश निववलं तर मॅग्नेशियम साका धरून बसतं आणि संवेदनशीलता घसरते. म्हणून ट्रे बाहेर काढून दर वेळी त्याच धातूच्या ठोकळ्यावर ठेवा. वेग नेमका किती यापेक्षा तो दर वेळी सारखा असणं महत्त्वाचं. महिन्यामागून महिने आकडे हळूहळू सरकत असतील तर चिपला दोष देण्याआधी भट्टीचं थर्मोकपल (तापमान मोजणारा भाग) तपासा.

वाचण्याआधी १०० अंशाला १० मिनिटं दिली की खालची, लवकर विरणारी शिखरं निघून जातात. पहिलं तर काही मिनिटांतच ओसरतं, आणि हे टाळलं तर सकाळी वाचलेली नि दुसऱ्या दिवशी वाचलेली चिप जुळत नाही. वाचताना नायट्रोजन सोडायला विसरू नका. हवेत तापवल्यास पृष्ठभागावरून खोटा प्रकाश येतो आणि छोटे डोस त्यात बुडतात. चिप निर्वात चिमट्यानेच उचला, पोलादी चिमट्याने ओरखडे पडतात, कडा तुटतात. बोटांचा तेलकटपणा ४०० अंशाला करपून डाग पडतो आणि प्रकाश कायमचा कमी होतो.

एकाच बॅचमधल्या चिपसुद्धा सारख्या नसतात. सगळ्यांना एकच डोस द्या, वाचा, सरासरीला त्या चिपच्या आकड्याने भागा. हे तीनदा केलं की प्रत्येकीचा गुणक मिळतो. चिपवर क्रमांक घालू नका, ट्रेमधली जागा हाच क्रमांक. ट्रे सांडला की सगळं पुन्हा करायचं.

१ ग्रेपर्यंत (ग्रे हे डोसचं एकक) उत्तर सरळ रेषेत चालतं. त्यापुढे चिप खऱ्या डोसपेक्षा जास्त दाखवू लागते, तेव्हा दुरुस्तीचा वक्र स्वतः काढावा. मोठा डोस खाल्लेल्या चिप वेगळ्या ठेवा, त्यांची संवेदनशीलता बदललेली असते.

आणखी एक सापळा न्यूट्रॉनचा. नैसर्गिक लिथियममधलं साडेसात टक्के लिथियम-६ औष्णिक (मंद) न्यूट्रॉन गिळतं, त्यामुळे १० मेगाव्होल्टच्या वरच्या प्रवेगकाजवळ (जोरदार क्ष-किरण देणाऱ्या यंत्राजवळ) आकडा चढतो. तिथे लिथियम-७ ची टीएलडी-७०० घ्या. सोबत लिथियम-६ ची टीएलडी-६०० लावली तर न्यूट्रॉनचा वाटा वेगळा काढता येतो.

फक्त मायक्रोग्रे पातळीचं पर्यावरणीय काम असेल तर मॅग्नेशियम, तांबं आणि फॉस्फरस मिसळलेली चिप बरी. ती वीसेक पटीने जास्त संवेदनशील आहे, पण २४० अंशांच्या वर नेली की बिघडते. ४०० अंशांच्या ट्रेमध्ये चुकूनही तिची भर घालू नका.