सांगलीत फिल्टर घेताय? आधी पाणी नदीचं की बोअरचं ते बघा

धाकट्या बहिणीनं विश्रामबागेत फ्लॅट घेतला आणि पहिल्याच आठवड्यात फोन केला, "दादा, कुठला आरओ घेऊ?" मी तिला उलट विचारलं, "स्वयंपाकघरात पाणी कृष्णेचं येतं की बोअरचं?" तिला माहीत नव्हतं. आपल्याकडं बहुतेकांचं असंच होतं. यंत्र आधी ठरतं आणि पाण्याची चौकशी राहून जाते.

कृष्णेचं पाणी मुळात गोडं आहे. गावभागातल्या आमच्या नळाला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, लावला तर आकडा दोनशेच्या आसपास येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, विरघळलेल्या क्षारांची योग्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. म्हणजे क्षारांची काळजी इथं नाही, काळजी गाळाची आणि जंतूंची आहे. शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं दुखणं सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून सोडलं तरी वाटेत जुन्या पाइपलाइनी आहेत. पुरवठा थांबला की पाइपातला दाब जातो आणि गळक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. गॅस्ट्रो, विषमज्वर, कावीळ या वाटेनं घरात येतात. आणि टीडीएस मीटरला यातलं काहीच कळत नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यालाही तो अडीचशे दाखवील आणि आपण निर्धास्त राहू.

बोअरचं पाणी दिसायला नितळ असतं, पण चवीला मचूळ. तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉईलवर पांढरा थर चढतो. बहिणीच्या सोसायटीच्या बोअरला मीटरनं हजाराच्या वर आकडा दाखवला. उसाला वर्षानुवर्षं पाणी आणि युरिया देऊन आपल्या जिल्ह्यात क्षारपड झालेल्या जमिनी सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तेच जमिनीत मुरून खालच्या पाण्यात उतरतं. त्यातल्या नायट्रेटला मी जास्त भितो, कारण त्याला रंग, वास, चव काहीच नाही. लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते धोक्याचं. आणि इथं उकळणं उलट अंगाशी येतं. वाफ निघून जाते, नायट्रेट भांड्यात राहतं आणि उरलेल्या पाण्यात दाट होतं.

आता यंत्रं. यूव्ही म्हणजे अतिनील दिवा. तो जीवाणू आणि विषाणू दोन्ही निकामी करतो, क्षारांना हातही लावत नाही. मात्र पाणी गढूळ असेल तर गाळाच्या कणाआड जंतू वाचतात, म्हणून दिव्याआधी गाळणी चांगली हवी आणि ती पावसाळ्यात लवकर बदलायला हवी. आमची पांढरी गाळणी जुलैत तीन आठवड्यांत चहाच्या रंगाची झाली होती, हाताला बुळबुळीत लागत होती. यूएफ म्हणजे बारीक छिद्रांची पडदी. वीज लागत नाही, जीवाणू अडतात. पण 0.1 मायक्रॉनच्या पडदीतून काविळीचे विषाणू सहज निसटतात, 0.01 ची असेल तर बरेचसे अडतात. घेताना हा आकडा विचारा. स्टीलच्या पिंपातली कॅण्डल गाळ छान अडवते, विषाणू अडवत नाही. त्या पिंपावर भरवसा असेल तर पाणी उकळूनही घ्या.

आरओ पाणी दाबानं अतिबारीक पडदीतून ढकलतो आणि क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, शिसं हे सगळं कमी करतो. बोअरच्या पाण्याला माझं मत सरळ आरओलाच आहे. नदीच्या पाण्याला मात्र तो नको. घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर सोडून देतं. दिवसाला वीस लिटर प्यायला-स्वयंपाकाला धरलं तर साठ लिटर मोरीत. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही 500 पेक्षा कमी टीडीएस असेल तिथं आरओ नको, असंच म्हटलं होतं.

विक्रेता घरी येऊन दोन ग्लासांत धातूच्या कांड्या बुडवतो. नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं तसंच राहतं. बहीण ते बघून घाबरली होती. ती घाण पाण्यातली नसते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि तो गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी, म्हणून वीज जवळपास वाहत नाही. चांगल्या झऱ्याचं पाणीही त्या ग्लासात तपकिरीच होईल.

पुराचं गणित वेगळंच. 2019 च्या ऑगस्टमध्ये वीज गेली तेव्हा यूव्ही आणि आरओ दोन्ही शोभेचे झाले. आयर्विन पुलाजवळ पाणी धोक्याच्या 45 फुटांकडं सरकायला लागलं की आम्ही पिंपं भरून ठेवतो. नंतर फडक्यानं गाळून, तुरटी फिरवून, निवळलेलं पाणी खळखळून उकळतो. बुडबुडे जोरात यायला लागल्यावर एक मिनिट पुरतं.

बहिणीचं शेवटी असं निघालं की सोसायटी एकाच टाकीत दोन्ही पाणी सोडते, पावसाळ्यात नदीचं जास्त, एप्रिल-मेमध्ये बोअरचं जास्त. मी तिला आरओच घे म्हटलं, पण यूव्ही असलेला, आणि सोडलेलं पाणी फरशीला वापर. त्याआधी नमुना तपासून घे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतात. क्षारांसाठी स्वच्छ बाटली चालते, जंतूंसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच घ्यायची. तोटी पुसून, दोन मिनिटं पाणी सोडून मगच भरायची आणि त्याच दिवशी पोचवायची. तिनं मे महिन्यातला नमुना दिलाय, दुसरा आषाढात देणार आहे.