हेअर ट्रान्सप्लांटनंतर येणारा तो फोन: ३२,५०० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

जळगावातल्या एका क्लिनिकला ऑपरेशनचे ५५,००० दिले, त्याबद्दल तक्रार नाही. लुटलं ते नंतर. ‘ग्राफ्ट वाचवायचं किट’ (ग्राफ्ट म्हणजे मुळासकट लावलेले केस) ८,५०० आणि पीआरपीची, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या भागाची, चार सिटिंग २४,०००. एकूण ३२,५००, सगळे रोख, कच्च्या चिठ्ठीवर.

ऑपरेशननंतर चौथ्या आठवड्यात क्लिनिकमधून फोन आला. “भाऊ, केस गळून राहिले ना? ग्राफ्ट मरताहेत, उद्याच या.” खटकायला हवं होतं ते इथंच! मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं, मग त्याला कळलं कसं? कारण तेव्हा जवळजवळ सगळ्यांचेच गळतात. लावलेले केस दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात झडतात, मूळ आत जिवंत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे कोंब येतात, खरा निकाल वर्षभराने दिसतो. हे त्यांना पाठ असतं, आपल्याला आधी कुणी सांगत नाही. उशीवर केसांचा पुंजका दिसल्यावर ५५,००० मोजलेला कुठलाही माणूस धावत गेलाच असता.

किटमधल्या स्प्रेवर क्लिनिकचं चकचकीत स्टिकर. कोपरा नखाने उचलला तर खाली छापलेलं: सोडियम क्लोराइड ०.९ टक्के. साधं सलाइन! मेडिकलवर शंभराच्या आत मिळतं. आणि त्याचं काम पहिल्या काही दिवसांचं, ग्राफ्ट ओले ठेवायचं. चौथ्या आठवड्यात उपयोग शून्य.

जपायचे असतात ते पहिले दहा दिवस. दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवा, उताणं झोपा. तिसऱ्या दिवसाच्या आसपास कपाळ आणि डोळे सुजतात, ती सूज आपोआप उतरते. नळाची धार डोक्यावर नको. सौम्य शाम्पूचा फेस करून मगाने हळू ओता. खपली नखाने काढली तर ग्राफ्टच उपटून येतो. हेल्मेट बंद, आपल्याकडे करकचून बांधतात तो रुमालही बंद. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये ऑपरेशन करू नका, भुसावळच्या उन्हात डोकं उघडं ठेवणार कसं? पू, ताप किंवा वाढतं दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. औषध खात्यात गेलो तर पक्कं बिल आणा. पक्कं बिल दिलं असतं तर तो लुटारू कसला? बाटली टेबलावर ठेवली, कुणी हात लावेना. “तुम्हीच घेतलं ना मर्जीने?” अरे, पांढरा कोट घातलेला माणूस सांगतो म्हटल्यावर पेशंट घेणारच! टक्कल म्हटलं की यांना हसू येतं, पण कष्टाचे पैसे गेलेत त्याचं काय? अर्जावर पोच द्यायलाही जिवावर आलं.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त मशीनमध्ये फिरवून काढलेला भाग. घ्यायचंच असेल तर मशीन डोळ्यांसमोर फिरू द्या. पैसे यूपीआयनेच द्या. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आधी विचारा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. हेल्पलाइन १९१५. आणि बाटली फेकू नका, स्टिकर पूर्ण सोलू नका, पुरावा तोच आहे.