घाटात खूश, सपाट रस्त्यावर नाराज: स्पोर्टी लक्झरी क्रॉसओव्हरचा वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरात या कंपनीचे वर्कशॉप नसल्यामुळे जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरचे पेट्रोल पदरचे घालून मी गाडी पुण्याला नेली, आणि जॉब कार्डावर उत्तर मिळाले, ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ तक्रार एकच होती. कम्फर्ट मोडमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यानंतर गाडी क्षणभर काहीच करत नाही आणि मग एकदम झेपावते.

हा क्षण किरकोळ वाटत असेल, तर गळीत हंगामात कळे ते साळवण हा रस्ता संध्याकाळी चालवून पाहावा. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर असतो, समोरून एसटी येण्याआधी थोडीशी जागा मिळते आणि नेमक्या त्याच वेळी गाडी विचारात पडते. कारण उघड आहे. मायलेजसाठी गिअरबॉक्स शक्य तितका वरचा गिअर धरून ठेवतो. या गाडीच्या ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या, गिअरबॉक्समध्ये विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर असल्याने शेजारचा गिअर चटकन पडतो. परंतु सातव्यातून थेट पाचव्यात यायचे, म्हणजे त्याच क्लचवरचा गिअर बदलायचा, तर वेळ लागतो. त्यात इंजिन कमी आरपीएमला (कमी फेऱ्यांवर) असताना एक्झॉस्टचा जोर कमी असल्याने, त्याच जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणाऱ्या टर्बोलाही वेग घ्यायला अवधी हवा असतो. हे दोन्ही विलंब एकावर एक चढतात.

हाताळणीबाबत मात्र माझे मत पार बदलले. सुरुवातीला स्टिअरिंग नको इतके हलके आणि सस्पेन्शन कडक वाटले होते. रंकाळ्याजवळच्या खड्ड्यांत ते आजही कडकच वाटते. पण आंबा घाटात स्पोर्ट मोड लावला की अडॅप्टिव्ह डॅम्पर (मोडनुसार कडक-मऊ होणारे शॉक ॲब्सॉर्बर) आतल्या तेलाचा प्रवाह आवळतात, वळणात आतल्या चाकाला हलकासा ब्रेक लागून नाक आपोआप आत वळते आणि एवढी उंच गाडी जवळजवळ झुकत नाही. पावसाळ्यात करूळ घाटातून परत चढताना ओल्या वळणावर मागच्या चाकांकडे ताकद गेल्याचे सीटखाली जाणवले, तेव्हा ऑल-व्हील ड्राइव्हसाठी मोजलेले जादा पैसे प्रथमच खुपले नाहीत.

स्पोर्टमध्ये इंजिनही तत्पर असते, कारण गिअर खालचा राहतो. ओव्हरटेक करण्याआधी स्टिअरिंगमागच्या डाव्या पॅडलने हाताने दोन गिअर उतरवले, तर कम्फर्टमध्येही तो विलंब जाणवत नाही. मग स्पोर्टच का वापरत नाही? एक तर पेट्रोलचा काटा पाहवत नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते. आमच्याच उसाचा हा प्रताप असल्याने बोलायचीही सोय नाही. दुसरे म्हणजे, इंजिन बंद करून सुरू केले की गाडी निमूटपणे कम्फर्टवर परतते. सीटची उंची आणि आरशांचा कोन ती चावीनुसार लक्षात ठेवते, मोड तेवढा ठेवत नाही. दूध आणायला थांबले तरी पुन्हा बटण दाबावे लागते.

सर्व्हिस ॲडव्हायझरने त्याच भेटीत एक्स्टेंडेड वॉरंटीचे कोटेशन हाती दिले. गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा येणार की नाही, हे लेखी कळल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही, असे त्यांना ईमेलने कळवले आहे.