सेड: ध्रुवित बीम नसताना प्रोटॉनचा स्पिन अभ्यासायचा तर

ध्रुवित, म्हणजे स्पिन एका दिशेला वळवलेल्या, प्रोटॉनांचा बीम गोव्यात नाही. म्हणून ताळगावच्या विद्यापीठात किंवा मडगाव-म्हापशाच्या महाविद्यालयांत स्थितिस्थापक प्रकीर्णन (कण एकमेकांवर आदळून न बदलता विखुरणे) शिकणाऱ्यांना आम्ही जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाची ‘सेड’ ही मोफत ऑनलाइन सेवा मनापासून सुचवतो. जगभरच्या मोजमापांना जुळवलेल्या फेज शिफ्टमधून (टकरीमुळे कणाच्या तरंगाच्या कलेत पडणाऱ्या फरकांतून) ती हवी ती मोजण्याजोगी राशी काढून देते.

अभिक्रिया, राशी, ऊर्जा आणि कोनाची पायरी भरली की तक्ता तयार. गोंधळ होतो तो भरतानाच. ऊर्जा म्हणजे इथे प्रयोगशाळा-चौकटीतली गतिज ऊर्जा, संवेग नव्हे: ६०० एमईव्ही/सी संवेगाच्या प्रोटॉनची गतिज ऊर्जा जेमतेम १७५ एमईव्ही असते. कोन वस्तुमानकेंद्र-चौकटीतला, म्हणजे दोन्ही कणांचा एकूण संवेग शून्य दिसतो तिथला; प्रोटॉन-प्रोटॉनसाठी तो प्रयोगशाळेतल्या कोनाच्या दुपटीहून किंचित जास्त भरतो.

पहिला तक्ता आला की ९० अंशांची ओळ बघा. दोन्ही प्रोटॉन एकसारखे असल्यामुळे विश्लेषण क्षमता, म्हणजे ए-वाय (बीमच्या स्पिनमुळे डाव्या-उजव्या विखुरण्यात पडणारा फरक), तिथे शून्यच हवी आणि दोन्ही बाजूंना चिन्ह उलटे हवे. नसेल तर चौकट चुकली, किंवा चुकून न्यूट्रॉन-प्रोटॉन निवडले गेले. तिथे हे बंधन नाही. प्रोटॉन-प्रोटॉनसाठी त्याच कोनावर ए-एनएन वजा ए-एलएल वजा ए-एसएस बरोबर १ यायला हवे (बीम आणि लक्ष्य दोन्ही एन, एल किंवा एस अक्षावर ध्रुवित असतानाच्या या स्पिन-सहसंबंध राशी). हा ताळा फार उपयोगाचा, पण आधी अक्षांच्या दिशांची रूढी वाचून घ्या.

मर्यादा ऊर्जेची. प्रोटॉन-प्रोटॉनचे एसपी०७ उत्तर, म्हणजे सेडमधला जुळवलेल्या फेज शिफ्टचा संच, ३ जीईव्हीपर्यंतच जाते. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेच्या झेडजीएस या त्वरकावर ११.७५ जीईव्ही/सी संवेगाला, ९० अंशांजवळ, समांतर स्पिनचा क्रॉस सेक्शन (विखुरण्याच्या शक्यतेचे माप) प्रतिसमांतरच्या सुमारे चौपट निघाला होता, म्हणजे ए-एनएन सुमारे ०.६. तो विलक्षण परिणाम इथे सापडणार नाही.

प्रोटॉन-हेलियम-४ साठी तर स्वतःच प्रोग्रॅम लिहावा. हेलियमचा स्पिन शून्य, त्यामुळे एफ (स्पिन न उलटणारे) आणि जी (स्पिन उलटणारे) ही दोनच आयाम-फलने पुरतात. कमी ऊर्जेला एस-१/२, पी-१/२ आणि पी-३/२ एवढ्या फेज शिफ्ट घ्या (एस, पी म्हणजे कक्षीय कोनीय संवेग ० आणि १; अपूर्णांक म्हणजे एकूण कोनीय संवेग). दोन्ही पी मुद्दाम सारख्या ठेवल्या की जी शून्य होते आणि ध्रुवण नाहीसे होते. वेगळ्या करताच ते परत येते. प्रोटॉन आणि हेलियम-४ मिळून बनणाऱ्या लिथियम-५ चा पी-३/२ अनुनाद कमी ऊर्जेला, म्हणजे आधी, येतो, पी-१/२ त्याहून वर आणि बराच रुंद असतो. ही फट स्पिन-कक्षा बलाची (स्पिन आणि कक्षीय गती यांच्या परस्पर दिशेवर अवलंबून असणाऱ्या बलाची), आणि ध्रुवण उगवते ते तिच्यातूनच.